जुन्या व्हिडिओ गेमचे वायरिंग : आधी अर्थिंग, मग खेळ

श्रीरामपूर हे दौंड-मनमाड लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनचे नाव बेलापूर. भोवती उसाचा पट्टा, विहिरीवरचे पंप, साखर कारखाने. त्यामुळे मोटर रिवायंडिंग, वेल्डिंग, लेथ, वायरमन आणि टीव्ही दुरुस्ती या धंद्यांना येथे कायम काम मिळत आले. या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. परंतु काळ बदलला. पिक्चर ट्यूबचे टीव्ही घराघरांतून गेले आणि ज्यांचा हात त्या कामात बसला होता ते मिस्त्री आज मोबाईलची कव्हरे विकताना दिसतात. हुन्नर हातात आहे, पण गिऱ्हाईक नाही, अशी ही स्थिती आहे.

अशा कारागिराच्या कामाची एक वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमचे जुने कॅबिनेट होय. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावीसुद्धा स्टँडजवळ, टॉकीजजवळ व्हिडिओ गेमची दुकाने होती. प्लायवूडचे उभे कपाट, त्यात रंगीत ट्यूब, खाली दांडा व बटने, आणि नाणे टाकायची फट. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ त्या काळच्या मुलांनी मूळ नावाने कधी ओळखलाच नाही. त्यातील चार खेळाडूंपैकी एकाचे नाव मुस्तफा. म्हणून साऱ्या देशात पोरांनी त्या खेळाचेच नाव 'मुस्तफा' पाडले. ती मुले आज चाळिशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला हौस म्हणून, कोणाला आपल्या हॉटेलात ठेवण्यासाठी असे यंत्र चालू करून हवे असते. पार्लर बंद झाल्यावर पोटमाळ्यावर टाकलेली कपाटेही कोठे कोठे पडून आहेत.

समजा, असे एक कपाट आपल्या दुकानात आले. मागची फळी काढली तर आत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, चिकटपट्टीने बांधलेले जोड आणि धुळीचा थर. पाहून छाती दडपते. पण घाबरण्याचे कारण नाही. ही गुंतागुंत वरवरची आहे. आत फक्त चार खाती आहेत : २३० व्होल्टचे खाते, कमी व्होल्टेजचे खाते, बटनांचे खाते आणि चित्राचे खाते. चारही वेगळी समजून घेतली आणि वेगवेगळी तपासली, तर टीव्ही व घरगुती वायरिंग जाणणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही. चुकते ते चारही एकदम जोडून 'बघू या चालते का' असे म्हणून बटन दाबणाऱ्याचे.

प्रथम जिवाची काळजी

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून आपल्या नजरेसमोर ठेवावा. स्विच बंद केला एवढे पुरेसे नाही. जुन्या कपाटांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. तो बंद असला तरी आत फेज जिवंत राहते.

प्लग काढल्यावरही दोन जागी वीज साठून राहते. पहिली जागा पिक्चर ट्यूब. ट्यूबच्या वरच्या रबरी टोपीखाली, जिला टीव्ही मिस्त्री ई.एच.टी. कॅप म्हणतात, तेथे चालू असताना वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि बंद केल्यावरही तो राहू शकतो. ज्याने टीव्हीची ट्यूब पूर्वी उतरवली आहे त्यानेच येथे हात घालावा. रीत ठाऊक आहेच : जाड इन्सुलेशनचा स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या धातूला घट्ट जोडलेली वायर, तिचे दुसरे टोक ट्यूबच्या पाठीवरील उघड्या जाळीदार तारेला, एक हात खिशात, आणि मग टोपीखाली टोक. काही वेळाने पुन्हा एकदा करावे, कारण ट्यूबमध्ये थोडा चार्ज परत येतो. ट्यूबची मान नाजूक असते. ती मोडली तर काम तेथेच संपले.

दुसरी जागा पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर. २३० व्होल्ट एसीचे डीसी केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होतात. ते त्या कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतात. मीटर लावून दाब उतरला आहे हे पाहावे आणि मगच स्पर्श करावा.

पहिले खाते : २३० व्होल्ट

विजेचा रस्ता असा असावा : थ्री पिन प्लग, तीन तारांची केबल, दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच, फेजवर फ्यूज, मग कनेक्टरची पट्टी, आणि तेथून पॉवर सप्लाय, मॉनिटरचा ट्रान्सफॉर्मर व वरच्या नावाच्या पाटीमागील ट्यूबलाईट. नवीन केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या कपाटांत लाल, काळी व हिरवी सापडतील. रंगावर विश्वास न ठेवता मीटरने तपासावे. पूर्वीच्या माणसाने हाताला येईल ती वायर वापरलेली असते.

फ्यूज किती अँपिअरचा? सर्व भागांचे वॅट मिळवा. समजा, मॉनिटर १००, पॉवर सप्लाय ७५ आणि ट्यूबलाईट २५ असे मिळून २०० वॅट झाले. २०० ला २३० ने भागले की एक अँपिअरपेक्षा थोडे कमी येते. सुरुवातीचा झटका धरून २ अँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज पुरे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तेथे जाड तार बांधणे म्हणजे आजाराऐवजी वैद्याला घरातून काढणे होय.

आता मुख्य गोष्ट, अर्थिंग. कपाट लाकडी असते म्हणून अनेक जण म्हणतात, 'याला अर्थिंग कशाला?' पण खेळणाऱ्याचा हात लाकडाला लागत नाही. तो नाणे टाकतो ते लोखंडी दारात, मनगट टेकतो ते बऱ्याच कपाटांत पत्र्याच्या पॅनलवर. आत फेजची एक कुरतडलेली तार त्या पत्र्याला टेकली तर पत्रा २३० व्होल्टचा होतो. समोर दहा वर्षांचे मूल, कधी अनवाणी, पावसाळ्यात ओली फरशी. हिरवी वायर असेल तर त्याच क्षणी मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडते. नसेल तर तो प्रवाह मुलाच्या अंगातून जमिनीत जातो. साऱ्या वायरिंगमध्ये खेळ चालवण्यासाठी ज्या वायरीची गरज लागत नाही ती एकच, आणि जीव वाचवणारीही तीच.

म्हणून हिरवी वायर नाण्याच्या दाराला, पत्र्याच्या कंट्रोल पॅनलला, मॉनिटरच्या चौकटीला, पॉवर सप्लायच्या खोक्याला व ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीला अशी प्रत्येक धातूच्या भागाला स्वतंत्र न्यावी. दार बिजागरीवर आहे म्हणून बिजागरीतून अर्थिंग मिळेल असे समजू नये. बिजागरीला गंज व रंग असतो. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून लग घट्ट आवळावा. मग प्लग काढलेल्या स्थितीत मीटरचे एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे प्रत्येक धातूच्या भागाला लावावे. रेझिस्टन्स एक ओहमपेक्षा कमी आला पाहिजे. हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

काही ठिकाणी अर्थिंग नसल्यावर प्लगमध्येच न्यूट्रल व अर्थिंगची पिन जोडून टाकतात. हे कदापि करू नये. कोठेतरी न्यूट्रल तुटली की यंत्राचा सारा पत्रा फेजवर येतो. जेथे कपाट ठेवायचे तेथील अर्थिंगही पाहावे. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम मिळते, पण वैशाखात जमीन तडकली की तेच कमकुवत होते. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी रीत यासाठीच आहे. शिवाय ३० मिलिअँपिअरचा गळती ब्रेकर, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, बसवून घेण्याचा आग्रह गिऱ्हाइकाला करावा. दुकानाच्या मुख्य बोर्डाचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

परदेशी मॉनिटर आणि आपला रिवायंडिंगवाला

कपाट इथल्या सुताराने बनवलेले असले तरी आतला मॉनिटर बाहेरचा असू शकतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट चालतात. पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय २३० देऊ नयेत. पॉवर सप्लायवर ११० व २२० असा छोटा सरकता स्विच असेल तर तो २२० वर आहे याची खात्री करावी. ११० वर राहिला तर पहिल्याच क्षणी आतले कंडेन्सर फुटतात.

आणखी एक धोका आहे. अनेक गेम मॉनिटरांचे व जुन्या टीव्हींचे चासिस थेट मेन लाईनला जोडलेले असते. टीव्हीत ते चालून जाई, कारण सारे प्लास्टिकच्या डब्यात बंद. पण गेममध्ये मॉनिटरचे ग्राउंड गेमच्या बोर्डाशी, आणि बोर्डाचे ग्राउंड सगळ्या बटनांशी जोडलेले असते. म्हणजे चासिसचे २३० व्होल्ट बोर्ड जाळून बटनांपर्यंत पोचतात. यासाठी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, ज्याच्या आत येणारी व बाहेर जाणारी अशी दोन गुंडाळी एकमेकांपासून पूर्ण वेगळी असतात.

बाजारात मिळणारा स्वस्त व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा एकाच गुंडाळीचा असतो. तो व्होल्ट कमी करतो, पण वेगळे करत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : वीज न देता मीटरने इनपुट व आउटपुट यांच्यात कंटिन्युइटी पाहावी. मीटर वाजला तर तो ट्रान्सफॉर्मर या कामाचा नाही.

येथे आपल्याच गावचा रिवायंडिंगवाला कामास येतो. जो पंपाची मोटर भरतो त्यांच्यापैकी अनेक जण ट्रान्सफॉर्मरही भरून देतात. त्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात : आत किती व्होल्ट, बाहेर किती व्होल्ट आणि किती व्होल्ट-अँपिअर. लागणाऱ्या भारापेक्षा तीस टक्के जास्त सांगावे. दोन गुंडाळ्यांमध्ये चांगला इन्सुलेशन कागद घालण्यास सांगावे आणि घेताना ५०० व्होल्टचा मेगर लावून दोन्हींमधले व पट्टीशी असलेले इन्सुलेशन तपासून घ्यावे.

दुसरे खाते : पाच व बारा व्होल्ट

गेमचा बोर्ड हा एक छोटा संगणकच असतो. त्याला मुख्यतः ५ व्होल्ट डीसी लागतात. आवाजाच्या भागाला १२ व्होल्ट, आणि काही जुन्या बोर्डांना उणे ५ व्होल्ट. संगणकाचा पॉवर सप्लाय वापरता येतो, परंतु नवीन सप्लायमध्ये उणे ५ व्होल्ट मिळत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

सप्लाय आधी बोर्डाशिवाय तपासावा. पुष्कळ सप्लाय भाराशिवाय नीट चालत नाहीत. म्हणून ५ व्होल्टच्या ओळीवर जुन्या मोटारसायकलचा ६ व्होल्टचा बल्ब व १२ व्होल्टवर १२ व्होल्टचा बल्ब लावावा. दोन्ही बल्ब लागलेले असताना व्होल्ट मोजावेत.

या खात्यात सर्वांत जास्त फसवणारा दोष असा : सप्लायवर बरोबर ५ व्होल्ट दिसतात, पण खेळ मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मिस्त्री बोर्ड खराब आहे असे सांगून मोकळा होतो. बोर्ड मात्र चांगला असतो. दोष वायरीचा असतो. हिशेब करून पाहू.

आपल्या बाजारातील २३/७६ वायर एक मीटरला सुमारे ०.०२६ ओहम रेझिस्टन्स देते. सप्लायपासून बोर्ड दोन मीटर दूर असेल तर जाण्याची दोन आणि परतीची दोन अशी चार मीटर वायर झाली, म्हणजे ०.१ ओहम. बोर्ड ४ अँपिअर घेत असेल तर ४ गुणिले ०.१ म्हणजे ०.४ व्होल्ट वाटेतच गेले. बोर्डाला मिळाले ४.६. या बोर्डांतील चिपांना साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. मग बोर्ड अडखळणारच.

आता तेच ४०/७६ वायरीच्या दोन-दोन तारा जोडीने टाकून आणि सप्लाय एक मीटरवर आणून केले, तर घट ०.०६ व्होल्टवर येते. खर्च फक्त काही मीटर वायरीचा. म्हणून व्होल्ट नेहमी बोर्डाच्या कनेक्टरवर, यंत्र चालू असताना मोजावेत. सप्लायचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवणे हा शेवटचा आणि अगदी थोडा उपाय. ५.२५ च्या पुढे गेलेला स्क्रू दुर्मिळ बोर्ड कायमचा मारतो.

जामा : एका मापाचा पोशाख

१९८५ पूर्वी प्रत्येक कंपनीचे कनेक्टर वेगळे असत. त्या वर्षाच्या सुमारास जपानमधील गेम उत्पादकांच्या संघटनेने एकच जोडणी ठरवली. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'जामा' म्हणतात. नावही कसे जुळून आले पाहा : एकच जामा, जो बोर्ड येईल त्याच्या अंगाला बसतो. खेळ बदलायचा तर बोर्ड उपसून दुसरा लावायचा. वायरिंग तेच.

जामाच्या कनेक्टरला एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ अशा ५६ जागा असतात. त्या पाठ होण्यासारख्या आहेत :

१, २ आणि २७, २८ : दोन्ही बाजूंनी ग्राउंड, एकूण आठ पिना.
३, ४ : दोन्ही बाजूंनी ५ व्होल्ट, एकूण चार पिना.
५ : उणे ५ व्होल्ट. ६ : १२ व्होल्ट.
७ : रिकामी, खुणेची जागा.
८ : नाण्यांचा काउंटर.
१० : स्पीकर, एका बाजूला अधिक व दुसऱ्या बाजूला उणे.
१२ : लाल व हिरवा रंग. १३ : निळा रंग व सिंक. १४ : एका बाजूला चित्राचे ग्राउंड, दुसऱ्या बाजूला सर्व्हिस बटन.
१६ : नाण्याचा स्विच. १७ : स्टार्ट.
१८ ते २१ : दांडा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.
२२ ते २४ : तीन बटने.

१६ पासून २४ पर्यंत एक बाजू पहिल्या खेळाडूची व दुसरी बाजू दुसऱ्याची.

५ व्होल्टला चार आणि ग्राउंडला आठ पिना का दिल्या, हे वरचा हिशेब वाचणाऱ्याला समजले असेल. प्रवाह वाटला जावा म्हणून. काही कारागीर वायर वाचवण्यासाठी एकच पिन जोडतात. ती पिन तापते, काळी पडते आणि बोर्डाचा तांब्याचा पट्टा जळतो. सर्व पिना जोडाव्यात.

सातव्या जागेत प्लास्टिकची चकती बसवलेली असते. ती कनेक्टर उलटा जाऊ देत नाही. चकती पडली असेल तर आधी नवी बसवावी. कनेक्टर उलटा बसला तर १२ व्होल्टची वायर थेट बटनाच्या पिनेवर येते आणि चिप त्याच क्षणी जाते.

'मुस्तफा'ला दोन बटने व स्टार्ट एवढेच लागते, त्यामुळे दोन खेळाडूंचे काम साध्या जामावर भागते. तिसऱ्या खेळाडूसाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर लागतो. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ला सहा बटने असल्याने लाथांची तीन बटनेही अशीच वेगळी जोडावी लागतात. 'मुस्तफा'च्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असते. तिच्यावर बोर्डातील गुप्त माहिती टिकून असते. साफसफाई करताना ती उपटून काढू नये.

तिसरे खाते : दांडा व बटने

हे सर्वांत सोपे. प्रत्येक बटनाखाली मायक्रोस्विच असतो. त्याला तीन टोके : कॉमन, दाबल्यावर जुळणारे आणि दाबल्यावर तुटणारे. बोर्ड प्रत्येक ओळ ५ व्होल्टवर धरून ठेवतो. बटन दाबले की ती ओळ ग्राउंडला लागते, आणि बोर्डाला कळते. म्हणून एक काळी वायर सर्व स्विचांच्या कॉमनवरून माळेसारखी न्यावी, आणि प्रत्येक स्विचच्या दाबल्यावर जुळणाऱ्या टोकापासून स्वतंत्र रंगाची वायर बोर्डाकडे न्यावी. माळेची दोन्ही टोके ग्राउंडला जोडावीत. मग एक जोड सुटला तरी पुढची बटने मरत नाहीत.

येथे प्रवाह अगदी कमी असतो. १४/७६ वायर पुरे. टोकांना ४.८ मिलिमीटरचे लग हातपकडीने दाबून बसवावेत. वायर पिळून चिकटपट्टी लावू नये. नाणे न टाकता क्रेडिट आपोआप वाढत असेल तर नाण्याच्या स्विचची तार वाकलेली असते. स्पीकरच्या दोन्ही वायरी बोर्डापर्यंत वेगळ्या न्याव्यात. अनेक बोर्डांत स्पीकरची उणे वायर ग्राउंड नसते आणि ती ग्राउंडला जोडली तर आवाजाचा आयसी जातो.

चौथे खाते : चित्र

बोर्डाकडून मॉनिटरला पाच वायरी जातात : लाल, हिरवा, निळा, सिंक व ग्राउंड. बहुतेक जामा बोर्डांची आडव्या रेषांची गती सेकंदाला सुमारे १५,७०० असते. आपल्या रंगीत टीव्हीची १५,६२५. या जवळीकतेमुळेच इथल्या कारागिरांनी टीव्हीच्या ट्यूबवर गेम चालवले. त्यामुळे टीव्ही मिस्त्रीला हे चासिस परके वाटणार नाही. चित्र तिरपे धावत असेल तर प्रथम सिंकची वायर पाहावी. एखादा रंग नसेल तर त्या रंगाची वायर दुसऱ्या रंगाशी अदलाबदल करून पाहावी. दोष जागेवर राहिला तर मॉनिटरचा, सरकला तर बोर्डाचा किंवा वायरीचा. आजचे सपाट पडदे हा सिग्नल सहसा थेट घेत नाहीत, मध्ये रूपांतराचा बोर्ड लागतो.

कामाचा क्रम

१. जुने वायरिंग काढण्यापूर्वी मोबाईलवर सर्व बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायरीला कागदी पट्टी लावा.
२. बोर्ड काढून कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. तो सर्वांत शेवटी लागेल.
३. २३० व्होल्टचे खाते नवीन करा. अर्थिंग मोजा. उघडी टोके झाका.
४. बल्ब लावून सप्लाय तपासा.
५. मॉनिटर एकटा चालवून पाहा. ट्यूबच्या मानेत दिवा लागला पाहिजे.
६. वीज बंद करून बटनांची प्रत्येक ओळ मीटरने वाजवा.
७. बोर्डाशिवाय जामा कनेक्टरवर ५, १२ व उणे ५ व्होल्ट योग्य जागी येतात का ते मोजा. इतर जागी व्होल्ट नसले पाहिजेत.
८. वीज बंद करून मग बोर्ड लावा.
९. चालू झाल्यावर ५ व्होल्ट पुन्हा मोजा आणि निदान दोन तास चालवून प्रत्येक जोड हाताला गरम लागतो का ते वीज बंद करून पाहा.
१०. शेवटी २३० व ५ व्होल्टच्या वायरी वेगवेगळ्या बाजूंनी बांधा आणि उंदीर शिरतील ती भोके पत्र्याने बुजवा.

व्यवहाराच्या गोष्टी

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतात. एका कामासाठी दोनदा गाडीभाडे घालू नये. आधी पूर्ण यादी करावी. गिऱ्हाइकाला भाव सांगताना तीन रकाने लिहून द्यावेत : सामान, मजुरी आणि 'उघडल्यावर कळेल' असे काम. मॉनिटर व बोर्ड या तिसऱ्या रकान्यात घालावेत, कारण त्यांची हमी न पाहता देता येत नाही. वायरिंगची हमी मात्र बिनधास्त द्यावी. ती आपल्या हातची आहे. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून मालकाला परत करावेत. जुन्या वस्तूच्या शौकिनाला तेही मोलाचे असतात, आणि ते आपल्याकडे अमानत म्हणून आलेले असतात. बोर्ड नकली प्रत असल्याचे दिसले तर तसे स्पष्ट सांगावे.

एक सावधगिरी. गेमच्या नावाखाली पैशांच्या हारजितीची यंत्रेही दुरुस्तीला येतात. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कचाट्यात सापडेल आणि दीनमध्येही ज्याला जागा नाही, असे काम कितीही मजुरी मिळत असली तरी घेऊ नये.

शेवटी गिऱ्हाइकाला यंत्र सोपवताना आधी खेळ दाखवू नये. प्रथम नाण्याच्या लोखंडी दाराला मीटर लावून अर्थिंगचा आकडा दाखवावा आणि तो बिलावर लिहावा. गिऱ्हाईक हसेल, म्हणेल, 'अहो मिस्त्री, आधी मुस्तफा तर लावा!' हसू द्यावे. संध्याकाळी त्याचेच मूल त्या दाराला हात टेकून उभे राहणार आहे.